साज रविवारचा, रस्ता सोमवारचा

“ऑफिसलाच चाललायस ना? का लडाखला?” मेश जॅकेट आणि हातमोजे घालून पार्किंगमध्ये शिरणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. विचारणारा गमतीनं विचारतो, पण त्या गमतीत एक पक्का सिद्धांत दडलेला असतो. रायडिंग गिअर म्हणजे लांबचा पल्ला, मोठी गाडी आणि वेग. रोजच्या दहा-बारा किलोमीटरला, तेही गर्दीतून, हेल्मेट घातलं तरी पुष्कळ झालं. गिअर विकणारी दुकानंही हाच सिद्धांत धरून चालतात. भिंतीवर बर्फाळ खिंडींचे फोटो, खाली काळ्या जॅकेटांची रांग. आणि ज्यांच्या कपाटात गिअर आहे, तेही तोच पाळतात. रविवारी पहाटे ताम्हिणीला निघताना मानेपासून घोट्यापर्यंत जय्यत तयारी, सोमवारी हिंजवडीला निघताना अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि लोफर.

माझं म्हणणं असं की हे सगळं उलटं झालं आहे. गिअरची खरी गरज सोमवारी असते आणि गिअर निवडायचं तेही सोमवारच्या हिशेबानं.

आधी वेगाचा मुद्दा घेऊ, कारण बाकी सगळे मुद्दे त्याच्याच आधारानं उभे असतात. “शहरात चाळीसच्या वर काटा जातो कुठे?” जात नाही, खरं आहे. पण दुचाकीचे अपघात होतात ते याच वेगाला. साऊथ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ साली आला आणि आजही या विषयात त्याचं नाव निघतंच. अपघाताची चाहूल लागण्याआधीचा मध्यक वेग निघाला ताशी ४८ किलोमीटर आणि प्रत्यक्ष धडकेच्या क्षणीचा साधारण ३५. म्हणजे निम्म्या धडका पस्तिशीच्याही आत झाल्या. शिवाय बहुतेक अपघात छोट्या फेऱ्यांत, बाजारहाट, किरकोळ कामं, मित्रांच्या भेटी किंवा करमणुकीसाठी निघालेल्यांचे, आणि निघाल्यापासून थोड्याच वेळात झालेले. हायवेवरच्या थरारक वेगाचे अपघात त्या ९०० मध्ये अपवादानंच होते.

यावर कोणी म्हणेल, ते लॉस एंजेलिस, तेही सत्तरच्या दशकातलं. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या विरुद्ध जाणारा आहे. तिथे नसलेल्या कितीतरी गोष्टी आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. उलट्या बाजूनं, तेही मोबाईल कानाला लावून येणारा. अचानक आडवं येणारं कुत्रं. रिकाम्या रिक्षानं प्रवासी दिसताच डावीकडे मारलेली मुसंडी. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यात पुढचं चाक अडकेल अशी लांबच लांब चीर. बांधकामाच्या टेंपोतून सांडलेली खडी. पहिल्या पावसात साबणासारखे होणारे झेब्रा पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं. यातल्या एकाही गोष्टीला ऐंशीचा वेग लागत नाही.

थोडं गणित करू. सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. सिग्नलला गाडी पूर्ण थांबलेली आहे, मागून टेंपोनं नुसतं टेकवलं आणि तोल गेला, तर ते डोकं रस्त्यावर आदळेपर्यंत ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. इंजिनाचा त्यात काही हात नाही, हे काम पृथ्वीचं. आणि चाळीसच्या वेगात पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण नऊ मीटर घसरत जातो. वेळ लागतो दीड सेकंद. साधी जीन्स यांत्रिक चाचण्यांमध्ये एका सेकंदाच्या आत भोक पडून मोकळी होते, मग उरलेलं घासणं कातडीच्या वाट्याला येतं. कोपर, तळहात, गुडघा, ढोपराखालची नडगी. ज्याला ‘खरचटलं’ म्हणतात ते हेच. त्याचं ड्रेसिंग बदलताना माणूस दात-ओठ खातो आणि पंधरा दिवस त्याला कीबोर्डवर हात ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप हेल्मेटच्या आडून येतो. “आम्ही हेल्मेट घालतो, आणखी काय?” इथे पुण्याचा जुना वाद पुन्हा उकरून काढण्याची हौस मला नाही. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध निघालेले मोर्चे आठवणारे आठवोत. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, या तक्रारींना उत्तरं देऊन झाली आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आणि हजार रुपयांचा दंडही सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचं आहे ते हेल्मेट घातल्याचं समाधान मिळवणाऱ्यांशी.

फुटपाथवर तीनशे-चारशेला मिळणारं हेल्मेट एकदा उलटं करून बघा. आतल्या कापडावर अंगठा दाबला की स्पंज दबतो आणि अंगठा थेट प्लॅस्टिकला लागतो. मधला थर्माकोल गायब. आणि हेल्मेटचं सगळं काम तर तो जाड, टणक थर्माकोलच करत असतो. बाहेरचं कवच मार पसरवतं, थर्माकोल चिरडून तो पोटात घेतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी फेकायचं असतं. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. स्टिकर मात्र कुठेही छापून मिळतो, त्यामुळे चिन्हाबरोबर अंगठाही चालवावा.

मग फिटिंग. बक्कल लावून हेल्मेट डोक्यावर गोल फिरवायचा प्रयत्न करा, त्याच्याबरोबर गालाची कातडी ओढली गेली पाहिजे. मागून वर ढकलून पुढे निघतं का तेही बघा. निघालं तर ते डोक्यावर ठेवलेलं भांडं आहे. बक्कल न लावणाऱ्यांबद्दल काय बोलणार? ते हेल्मेट पोलिसासाठी घातलेलं असतं आणि पोलिसापुरतंच टिकतं. हाफ फेसवाल्यांसाठी एकच माहिती: जर्मनीतल्या हॅनोव्हरचे अपघात-संशोधक डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार कुठे कुठे बसला याची नोंद केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात निघाले. हाफ फेसमध्ये तो भाग उघडाच असतो.

“हेल्मेट घालूनही लोक मरतातच की,” हे पालुपद हल्ली आकडेवारीनिशी ऐकू येतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे ७५ हजार दुचाकीस्वार रस्त्यावर गेले, त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. म्हणजे उरलेल्या पंचवीस हजारांनी घातलं होतं, मग उपयोग काय, असा हा युक्तिवाद. पण हा तक्ता मेलेल्यांचा आहे. हेल्मेटमुळे वाचून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस त्यात दिसणार कसा? जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २००८ च्या पाहणीत हेल्मेटनं मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो असं निघालं. बेचाळीस म्हणजे शंभर नाही, हे कबूलच. कारण छाती, पोट, मांडीचं हाड यांचं हेल्मेट काही करू शकत नाही. तेव्हा हा युक्तिवाद नेटानं पुढे नेला, तर तो हेल्मेटच्या विरोधात न जाता बाकीच्या गिअरच्या बाजूनं जातो.

त्या बाकीच्या गिअरबद्दल हवेतलं बोलायची गरज नाही. लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अपघातात सापडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी काय घातलं होतं आणि कोणाला काय लागलं, हे त्यांनी ताडून पाहिलं. मोटारसायकलचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती. पँट घातलेल्यांची ५१ टक्क्यांनी, हातमोजे घातलेल्यांची ५९ टक्क्यांनी. हा क्रम नीट पाहा. आपल्याकडे माणूस गिअर घ्यायला निघाला की आधी जॅकेट घेतो, कारण फोटोत जॅकेट दिसतं. हातमोजे शेवटी, उरलेल्या पैशांत. पण पडताना माणूस आधी हात टेकतो, ही जन्माची खोड आहे, ती कोणाला सुटत नाही.

याच अभ्यासात गिअर विकणाऱ्यांना न आवडणारीही एक गोष्ट आहे. अपघातात जॅकेट, पँट आणि हातमोजे यांतले प्रत्येकी चौथ्या हिश्शाहून अधिक नग फाटले-उसवले. तेव्हा नावावर आणि किमतीवर जाण्यापेक्षा शिवण दुहेरी आहे का, तळहाताच्या टाचेला टणक तुकडा आहे का, मनगटाचा पट्टा आवळल्यावर मोजा ओढून निघतो का, हे दुकानातच बघितलेलं बरं. जॅकेटच्या कोपराचं आणि खांद्याचं आर्मर आरशासमोर उभं राहून तपासू नये. दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीवर बसावं, हँडल धरावं, आणि मग कोपरावरची वाटी कोपरावरच राहते की सरकून बाहीच्या खालच्या अंगाला जाते ते बघावं. आर्मरवर ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा शिक्का असतो. लेव्हल वनपेक्षा लेव्हल टू मार अधिक शोषतं, पण जागेवरून सरकलेलं लेव्हल टू काही कामाचं नाही. जॅकेटमध्ये पाठीच्या जागी बहुधा नुसता फोमचा तुकडा खुपसलेला असतो, त्याला बॅक प्रोटेक्टर समजू नये.

आता उन्हाचा आक्षेप. हा मात्र खरा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेणारे बाइकप्रेमी मला आवडत नाहीत. एप्रिलमध्ये वाकडच्या पुलाखाली पंधरा मिनिटं अडकलेल्या माणसाला ‘घाम गाळा पण रक्त नको’ छापाची सुभाषितं ऐकवणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. थांबलेल्या गाडीवर मेश जॅकेटही उकडतं. मुंबईच्या दमट हवेत तर घाम सुकतच नाही. पण गाडी चालती असली की चित्र पालटतं, आणि हवा जितकी तापलेली तितकं जास्त. अंगाच्या कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंश. जळगाव किंवा चंद्रपूरला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उघड्या दंडावर येणारा वारा अंग थंड करत नाही, भाजून काढतो. विदर्भातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तो डोकं, कान, मान दुपट्ट्यानं गुंडाळल्याशिवाय मे महिन्यात दुचाकीला किक मारत नाही.

आणि पुण्याच्या मुलींकडे तरी बघा. डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत सुती हातमोजे, कपड्यांवर चढवलेला पांढरा सनकोट, पायात कातडीच्या रंगाचे मोजे. भर उन्हात, रोज, वर्षानुवर्षं. ‘एवढं सगळं घालून कोण बसेल’ हा प्रश्न या शहरानं केव्हाच सोडवलेला आहे, फक्त रंग काळवंडू नये म्हणून. ज्या समाजात कातडी सावळी होऊ नये म्हणून चार थर चढवले जातात, तिथे कातडी सोलली जाऊ नये म्हणून एक थर जड व्हावा, याला हवामान जबाबदार नाही. सनकोटाच्या आकाराचं, तितकंच झटकन चढणारं, पण कोपर-खांद्याला आर्मर असलेलं जाळीदार जॅकेट बायकांच्या मापात का मिळत नाही, हा प्रश्न मात्र कंपन्यांना विचारायला हवा. दुकानात बायकांच्या नावानं जे टांगलेलं असतं ते बहुतेकदा पुरुषी मापाचंच, गुलाबी पट्टी लावलेलं.

खर्चाबद्दल बोलताना बाइकवाले पुन्हा गैर वागतात. “सगळं घाला, नेहमी घाला” हा त्यांचा मंत्र. सगळं म्हणजे दहा हजारांचं जॅकेट, तितक्याचीच पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट. आणि वर तुच्छता: एवढं जमत नसेल तर गाडी चालवूच नका. चाकणला बारा तासांची पाळी करणाऱ्या कंत्राटी कामगारापुढे दुसरा पर्याय कुठला आहे? ‘सगळं’ हा मंत्र ऐकून सामान्य माणूस ‘काहीच नको’वर येतो, कारण ते फुकट असतं. तेव्हा उतरंड लावावी लागते. पहिलं, मापाचं फुल फेस हेल्मेट. दीड-दोन हजारांत बरं मिळतं. (२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सरकारनं हेल्मेटवर १८ टक्के लावले. सक्तीही करायची आणि त्यावर करही घ्यायचा, हे आपल्यालाच सुचतं.) मग हातमोजे, हजार-बाराशेचे, तळहाताला टणक तुकडा असलेले. मग पँटवरून बांधायचे नीगार्ड. जॅकेट त्यानंतर, पैसे साठतील तेव्हा.

आणि पादत्राणं? इथे तर नवा खर्चही नाही. डी रोम यांच्या अभ्यासात मोटारसायकलचे नसलेले साधे बूटसुद्धा शूज किंवा जॉगर्सच्या तुलनेत पायाच्या दुखापती निम्म्याहून कमी करताना दिसले. चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूजच्या कारखान्यांत हजारो माणसांना सेफ्टी शूज मिळतात. जाड कातडं, घट्ट नाडी, पुढे पोलादी टोपी. ही माणसं आत येताना गेटजवळच्या बाकावर बसून चप्पल काढतात, सेफ्टी शूज चढवतात, पाळी संपली की बूट कपाटात, चप्पल पायात, आणि बोटं उघडी ठेवून कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत घरी. शॉपफ्लोअरवर हातमोज्याशिवाय कोणी दिसला तर सुपरवायझर ओरडतो. गेटच्या बाहेर तोच सुपरवायझर उघड्या हातांनी क्लच दाबत असतो. कारखान्यापेक्षा रस्ता सुरक्षित आहे, असं या दोघांपैकी एकालाही वाटत नसेल.

ऑफिसवाल्यांची अडचण वेगळी आहे. गिअर घालायला आणि काढायला दहा मिनिटं लागणार असतील तर ते तिसऱ्या दिवशी घरीच राहतं, मग ते कितीही उच्च दर्जाचं असो. म्हणून रोजच्यासाठी निवडताना एकच कसोटी लावावी: हे शर्ट-पँटवरून दोन मिनिटांत चढतं का? जॅकेट टी-शर्टवर घालून बघू नये, ऑफिसच्या शर्टवर घालून बघावं. पँटला मांडीपर्यंत बाजूनं चेन असली तर बूट न काढता ती चढते. आर्मरवाली रायडिंग जीन्स दिवसभर अंगावर ठेवता येते, मीटिंगमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही. रेनकोट जॅकेटवरून बसेल असा एक माप मोठा घ्यावा, शर्ट-पँटचा जोड घ्यावा. फडफडणारा पोंचो चाकाच्या नाही तर साखळीच्या तोंडी जातो. ओढणी आणि पदराचंही तेच. मागचं चाक अर्धं तरी झाकलेलं असावं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो तो यासाठीच.

रंगाबद्दल भांडण करायलाच हवं. काळं मळत नाही म्हणून काळं जॅकेट, काळं हेल्मेट, काळा रेनकोट, काळी गाडी. जुलैच्या संध्याकाळी सात वाजता, धो धो पावसात, कारवाल्याच्या वायपरमागून हा माणूस दिसतो कोणाला? हर्ट यांच्या अहवालातही कारचालकाला मोटारसायकल वेळेत दिसलीच नाही, हे धडकेचं ठळक कारण होतं. जॅकेट मळलं तर धुता येतं. दुकानदार पिवळा किंवा नारिंगी रंग “चालत नाही साहेब” म्हणतो, त्याला मागवायला लावावं.

इथवर सगळं माणसानं स्वतः निवडायचं. पण गिअर न वापरण्याचं सगळ्यात सांगण्याजोगं कारण ज्याच्या हातात नाही त्याच्यावरच आपण ढकलून मोकळे होतो. हे सगळं ठेवायचं कुठे? डेस्कखाली ओलं जॅकेट ठेवलं की ॲडमिनचा मेल येतो. हेल्मेट घेऊन लिफ्टमध्ये शिरलं की सिक्युरिटीवाला टोकतो, गाडीला लटकवून ठेवलं की संध्याकाळी नसतं. ज्या इमारतीत कारसाठी तीन मजले खणलेले असतात, तिथे दुचाकीवाल्याला एक खुंटी मिळत नाही.

आणि कामावर येणं-जाणं हा कामगाराचा खासगी मामला आहे, ही पळवाट आता कायद्यालाही मान्य नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये घातलेलं कलम ५१-ई घर आणि कामाची जागा यांदरम्यानचा अपघात, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, नोकरीतला अपघात मानू लागलं. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच तत्त्व कर्मचारी भरपाई कायद्यालाही लावलं. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातलं, साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याचं. पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघालेला तो माणूस कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर असताना २००३ मध्ये अपघातात गेला. कुटुंबाला तो ‘कामावर’ होता हे मान्य करून घ्यायला बावीस वर्षं लागली.

बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो, आकडा रोज बदलतात. त्या आकड्यात गेटबाहेरचे पाच किलोमीटर धरायला सुरुवात करा. दुचाकीच्या पार्किंगला भिंतभर खुंट्या आणि कुलूप लागणारे कप्पे करा, पावसाळ्यात रेनकोट वाळत घालायला छपराखाली दोऱ्या बांधा, सेफ्टी शूज पायात ठेवूनच घरी जायची मुभा द्या आणि दिवाळीला मिठाईच्या खोक्याऐवजी प्रत्येकाच्या मापाचा हातमोज्यांचा एक जोड द्या. लडाखला निघाल्याची चौकशी करणाऱ्या मित्रांनाही मापाची निवड कशी करायची ते सांगायला मी तयार आहे. शनिवारी दुपारी दुकानात गर्दी कमी असते.